तीन रात्री, पाच जणी आणि सासूबाईंचं इन्सुलिन

इंदूरच्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. वय ४६. घरात नवरा, अकरावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं आणि ते या बाईच टोचतात. गेल्या हिवाळ्यात एका रात्री सासूबाईंची साखर एकदम खाली गेली होती. तेव्हाही वेळेवर जाग आली ती यांनाच.

शाळेपासूनच्या पाच मैत्रिणींनी नोव्हेंबरमध्ये, दिवाळी आटोपल्यावर, तीन रात्री पचमढीला जायचं ठरवलं आहे. नवरे आणि मुलं बरोबर नाहीत. घरी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘जा की. माझं काय, मी पडून राहीन.’ नवरा म्हणाला, ‘एवढंच ना? मग सगळेच जाऊ, मी गाडी काढतो.’ मुलगी म्हणाली, ‘आई, माझ्या क्लासचं कोण बघणार?’ एका मैत्रिणीने उपाय सुचवला, की घरी महादेवाच्या दर्शनाला जातोय असं सांगायचं, मग कोणी काही बोलणार नाही. पाचांपैकी एकीचा नवरा मार्चमध्ये गेला. ती म्हणते, ‘तुम्ही जा, मी आत्ता कुठे येऊ?’ तिच्याकडे दर रविवारी सासरची मंडळी येतात आणि ‘अजून वर्षसुद्धा झालं नाही’ हे वाक्य अधूनमधून उच्चारलं जातं. आणखी एकीचा पगार बेताचा आहे. ती ग्रुपवर ‘बघू’ लिहिते आणि गप्प होते.

पत्राच्या शेवटी बाई लिहितात : ‘ताई, खरं सांगायचं तर मला कोणीही अडवलेलं नाही. तरी माझं पाऊल निघत नाहीये. मी स्वार्थी झाले आहे का? की सगळ्यांना घेऊन गेले तर सगळ्यांचंच समाधान होईल?’

ताईंचं उत्तर :

सुरुवात इन्सुलिनपासूनच करते. तुम्ही पाच-सहा अडचणी लिहिल्या आहेत, पण बोट ठेवून ‘ही’ म्हणता येईल अशी अडचण ही एकच आहे. तिला ‘घरचं होईल काहीतरी’ म्हणून झटकू नका. ७४ वर्षांच्या बाईची साखर रात्री खाली जाते, तेव्हा घरात ती ओळखणारं माणूस हवंच.

पण ते माणूस तुम्हीच का? तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात : ‘इन्सुलिन मीच देते, ह्यांना सुईची भीती वाटते.’ सुईची भीती असते, ती मी खोटी म्हणत नाही. तरी आईच्या सुईची भीती मुलाने पन्नाशीपर्यंत बाळगली आणि ती भीती सुनेने निभावून नेली, ही व्यवस्था तुमच्या सहलीच्या आधीच बदलायला हवी होती. उद्या तुम्हाला ताप आला किंवा माहेरी अचानक जावं लागलं तर? तुमच्या पचमढीमुळे घरातली ही कच्ची जागा दिसली. ती भरून काढा, पचमढीला जा अगर जाऊ नका.

निघायच्या किमान तीन आठवडे आधी यजमानांना शिकवायला घ्या. पहिला आठवडा त्यांनी नुसतं शेजारी बसून बघायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी टोचायचं आणि तुम्ही शेजारी. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात थांबायचं, बोलावलं तरच बाहेर यायचं. पेनवर किती युनिट लावायची, पोटावर टोचण्याची जागा रोज थोडी कशी बदलायची, पेन पोटाशी धरून दहापर्यंत मोजूनच सुई का काढायची, हे हाताला कळावं लागतं. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सासूबाईंबरोबर तुम्ही जाऊ नका, त्यांना जाऊ द्या. मुलीलाही साखर तपासायचं यंत्र चालवता यावं. ती अकरावीत आहे, तिला ते दहा मिनिटांत येईल.

साखर खाली गेल्याची लक्षणं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. घाम सुटणं, हात थरथरणं, धडधडणं, गोंधळल्यासारखं बोलणं. यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यायची, आणि सावरल्यावर थोडं खायला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ही माहिती घरात एकाच माणसाच्या डोक्यात असणं सासूबाईंसाठीसुद्धा धोक्याचं आहे.

आता त्यांच्या ‘मी पडून राहीन’बद्दल. तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं आहे. असेलही तसं, मी तिथे नव्हते. पण मला त्या वाक्यात भीती जास्त ऐकू येते. ज्या बाईला एका रात्री घामाने चिंब होऊन जाग आली आणि उशाशी सून दिसली, तिला त्या सुनेशिवायच्या तीन रात्री कशा दिसत असतील? तिने ‘मला भीती वाटते’ असं म्हणायचं कुणापाशी? आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना हे वाक्य कोणी शिकवलेलं नाही, म्हणून त्या ‘माझं काय’ म्हणतात. एका दुपारी, चहा झाल्यावर, सरळ विचारा, ‘आई, मी नसताना तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ आणि उत्तर देऊ द्या. मध्येच ‘काही होत नाही हो’ म्हणू नका. रात्री लेकाने त्यांच्याच खोलीत गादी टाकायची एवढ्यावरही कदाचित त्यांचं समाधान होईल.

नणंद देवासला असते असं तुम्ही लिहिलं आहे. तिला त्या दिवसांत माहेरपणाला बोलवायचा तुमचा विचार चांगला आहे, पण माहेरपणालाच बोलवा. ती आली आणि पोळ्या लाटायला, औषधं द्यायला, भाचीला क्लासहून आणायला उभी राहिली, तर तुमची सुट्टी तिने भरून दिली असं होईल. देवासहून इंदूरला यायला तासभर लागतो. ती येईल, आईशी गप्पा मारेल, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चक्कर मारून येईल. कामं तुमच्या यजमानांच्या नावावरच राहिली पाहिजेत. मला येणाऱ्या पत्रांत ही चूक फार वेळा दिसते. एक बाई घराबाहेर पडते तेव्हा तिची जागा भरायला आई, बहीण, जाऊ, शेजारीण अशी दुसरी बाईच शोधली जाते. घरातल्या पुरुषाचं नाव यादीत शेवटी येतं, तेही ‘ते आहेतच’ एवढंच.

यजमान ‘मी गाडी काढतो’ म्हणाले, त्यावर तुम्ही चिडला आहात आणि चिडल्याबद्दल स्वतःला दोषही देता आहात. दोन्हींची गरज नाही. बायको कुठेतरी जाते म्हटल्यावर तिला सुखरूप नेऊन आणायचं, हीच त्यांना ठाऊक असलेली माया आहे. शिवाय आपल्याशिवायही हिला मजा करायची आहे हे ऐकून माणूस थोडा दुखावतो. तेही खरं असू शकतं. पण सगळे मिळून पचमढीला जाणं ही वेगळी सहल आहे. त्या सहलीत तुम्ही धूपगडावर सूर्यास्त बघत असाल तेव्हा एक डोळा सासूबाईंच्या पायांवर असेल आणि मुलीने शाल घेतली की नाही हे तुमच्या तोंडून आपोआप निघेल. त्यातही आनंद आहे, मी तो कमी लेखत नाही. तो डिसेंबरच्या सुट्ट्यांसाठी ठेवा. यजमानांना स्पष्ट सांगा, ‘तुमच्याबरोबर मला जायचंच आहे, तारीख तुम्ही काढा. या तीन रात्री मात्र मला शाळेतली मी म्हणून जायचंय.’ ‘बायकांचं असतं काहीतरी’ असं म्हणून विषय गुंडाळू नका. त्यांना कारण कळायला हवं आणि ते समजून घ्यायची संधीही.

महादेवाच्या दर्शनाचं निमित्त सांगायची सूचना वाचून मी थोडा वेळ थांबले. पचमढी हे महादेवाचं ठिकाण आहेच. बडा महादेव आहे, जटाशंकर आहे, चौरागड आहे. महाशिवरात्रीला विदर्भातून हजारो माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीची यात्रा असते, आणि या वाटांवर मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. माझी आजी काशीला गेली ती गल्लीतल्या सहा बायकांबरोबर, दीड महिना. आजोबांना स्वयंपाक येत नव्हता. कोणी विचारलं नाही की आता घरचं कसं होणार. देवाला जायचं म्हटलं की आपल्या घरांची दारं आपोआप उघडतात. माहेरी जायचं म्हटलं तरी उघडतात. ‘मला जावंसं वाटतं’ एवढंच कारण असलं की तेच दार जड होतं. तुम्ही पाच जणींनी दर्शनाचं सांगून हे दार उघडलंत तर या वेळी जाऊन याल. पुढच्या वर्षी पुन्हा नवा देव शोधावा लागेल, आणि ज्या मुली हे सगळं घरात बघताहेत त्याही हीच युक्ती शिकतील. दर्शन जरूर घ्या. जटाशंकरच्या गुहेत उतरताना जो गारवा अंगावर येतो, त्यासाठी तरी जाच. पण घरी खरं काय ते सांगा.

आता पाऊल का निघत नाही, त्याकडे येते. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, तुम्ही नुसत्या परवानगीवर समाधानी नाही. ती सगळ्यांनी हसतमुखाने द्यावी, सासूबाईंनी ‘मजा कर’ म्हणावं, मुलीने गळ्यात पडावं, यजमानांनी बॅग भरायला मदत करावी, तेव्हाच जायचं असं तुमच्या मनाने ठरवलं आहे. तसं होणार नाही. घरातलं एक माणूस तीन रात्री नसणार म्हटल्यावर बाकीच्यांची थोडी गैरसोय होणार, आणि गैरसोय झालेली माणसं टाळ्या वाजवत नाहीत. त्यांची कुरकूर म्हणजे नकार नव्हे. ती कुरकूर ऐकत ऐकत निघता येतं.

यापुढचं मी स्वतःवरून सांगते. बावीस वर्षांपूर्वी, भर श्रावणात, आम्ही चौघी मांडूला गेलो होतो. एकच रात्र. इंदूरपासून शंभर किलोमीटरसुद्धा नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी तीन भाज्या, चाळीस पोळ्या, दोन प्रकारच्या चटण्या करून ठेवल्या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. पहाटे चारला उठून पुन्हा वरण लावलं. दुपारी आम्ही रूपमतीच्या मंडपात उभ्या होतो. खाली निमाडचं मैदान, ढग पायाशी, आणि ढग सरकले की लांबवर नर्मदेची रेघ. मी त्या वेळी फोनवर होते. गॅसची टाकी आली का, एवढं विचारायला. मैत्रिणींनी नर्मदा पाहिली. माझा फोन संपेपर्यंत ढग पुन्हा आले होते.

घरी परतले तर फ्रिजमधल्या दोन भाज्या तशाच. मुलाने खिचडी केली होती, सकाळी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली होती, सासूबाईंनी ती आवडीने खाल्ली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की ते रडू थकव्याचं होतं. पुढे कळलं, घर माझ्यावाचून अडेल ही भीती मी वर्षानुवर्षं जपली होती आणि त्याच भीतीवर माझं घरातलं स्थान उभं आहे असं मी धरून चालले होते. घर अडलं नाही, तेव्हा मला माझी जागाच गेल्यासारखी वाटली. जागा गेली नव्हती. त्या रात्री मुलगा किती वेळ माझ्याशी मांडूबद्दल बोलत बसला होता, खिचडीत हिंग घालायचा राहिला हेही सांगत होता. मी त्याचं निम्मं ऐकलं, निम्मं मन उरलेल्या भाज्यांत.

तुमच्याही मनात असं काही आहे का, ते तुम्हीच बघा. असेल तर त्याला स्वार्थ म्हणू नका, तो स्वार्थ नाही. फक्त निघायच्या आदल्या रात्री चाळीस पोळ्या लाटू नका. पीठ, तांदूळ, डाळ, भाजी घरात आहे ना, एवढं बघा. इंदुरात उपाशी कोणी राहत नाही. घरी फोन रात्री जेवणं झाल्यावर एकदा करा. पचमढी गावाबाहेर जंगलात फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुपारी फोन लागला नाही तर सासूबाई घाबरणार नाहीत. आणि परत आल्यावर स्वयंपाकघराची तपासणी करू नका. ओट्यावर डाग असेल तर दुसऱ्या दिवशी पुसता येतो. ‘मी नसले की हे असं’ हे एक वाक्य तुमच्या तोंडून गेलं की पुढच्या वेळी घरातलं कोणी काही करायला धजणार नाही.

मुलीच्या क्लासचं अगदी थोडक्यात : तिला संध्याकाळी आणायला वडील जातील, किंवा ती मैत्रिणीबरोबर येईल. तीन संध्याकाळींचा प्रश्न आहे.

इतकं करूनही तीन रात्री जड वाटत असतील तर आधी एका रात्रीसाठी जाऊन बघा. मांडू आहे, महेश्वर आहे, दोन्ही जवळ. घरातल्यांनाही सवय होते आणि इन्सुलिनचीही रंगीत तालीम होते. बडोद्याच्या काही वाचक बायकाही मला असंच विचारतात, त्यांच्यासाठी हे काम सापुतारा करेल.

पचमढीबद्दल काही सांगते, कारण मी तिथे चारदा गेले आहे आणि घरच्यांची ‘नुसत्या बायका?’ ही काळजी चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं. पचमढी छोटंसं छावणीचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडं वर. मध्य प्रदेश टुरिझमची बरीच हॉटेलं तिथे आहेत, कुटुंबं आणि यात्रेकरू सतत येतात. बायका म्हणून तुम्हाला तिथे वेगळं भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते दोन गोष्टींना. एक, रात्रीचा घाट. दुसरी, धबधब्याजवळचे शेवाळलेले दगड. बी फॉल असो की अप्सरा विहार, फोटोसाठी पाण्याच्या कडेला जायचं नाही, हे पाचही जणींनी निघायच्या आधीच मान्य करा. तिथे पोचल्यावर उत्साहात कोणी ऐकत नाही.

इंदूरहून संध्याकाळी निघणारी जबलपूर ओव्हरनाइट पिपरियाला जाते, पण ती पिपरियाला मध्यरात्र उलटल्यावर पोचते, आणि तिथून पुढे पचमढी पन्नासेक किलोमीटर, तोही घाट. रेल्वेनेच जायचं असेल तर उजाडेपर्यंत स्टेशनवर थांबायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर ओळखीच्या ड्रायव्हरची सात आसनी गाडी करा आणि पहाटे पाचला इंदूर सोडा. भोपाळ, मग नर्मदापुरम, म्हणजे आपलं जुनं होशंगाबाद. तिथे सेठाणी घाटावर अर्धा तास पाण्याशी बसा, दशम्या काढा. सोहागपूर, पिपरिया, मटकुली करत दुपारी तीन-चारपर्यंत वर पोचाल. मटकुलीनंतर घाट सुरू होतो, तो उजेडातच चढायचा. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर आणि हॉटेलचं नाव पाचही घरी लिहून द्या. ही माहिती कुणाच्या परवानगीसाठी नाही, ती कुठल्याही प्रवासाला निघताना द्यायचीच असते. ११२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

वर गेल्यावर पुष्कळ ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही. जंगलखात्याचा परवाना काढून तिथली जिप्सी करावी लागते, तेव्हा ओळखपत्रं बरोबर ठेवा. परवाना जिथे मिळतो ते बायसन लॉज कॅप्टन फोर्सिथने १८६२ साली बांधलेलं आहे, आत छोटं संग्रहालय आहे, घाईत नुसती पावती घेऊन निघू नका. धूपगड सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, १३५० मीटरच्या आसपास. तिथला सूर्यास्त चुकवू नका, मात्र शाल न्या. नोव्हेंबरात ऊन गेलं की थंडी एकदम उतरते. माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, म्हणून शेवेचं पाकीट हातात मिरवू नका. आणि एक पूर्ण दुपार रिकामी ठेवा. कुठलाही पॉइंट नाही. हॉटेलच्या व्हरांड्यात बसायचं, पाय वर घ्यायचे, बोलायचं. तुम्ही पाच जणी त्यासाठीच निघाला आहात.

तुमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलं आहे. चौरागडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना चढायचं त्यांनी चढावं, ज्यांना नाही त्यांनी पांडव गुंफेकडे जावं. पाचही जणींनी प्रत्येक ठिकाणी एकत्र असलंच पाहिजे हा हट्ट धरलात तर दुसऱ्या संध्याकाळी कोणीतरी रुसलेली असेल. मी अशा सहली घरच्यांमुळे मोडलेल्या फारशा पाहिल्या नाहीत. मैत्रिणी-मैत्रिणींत बिनसून मोडलेल्या पाहिल्या आहेत, आणि बहुतेक वेळा पैशावरून.

म्हणून ती ‘बघू’ लिहिणारी मैत्रीण. ती ग्रुपवर कधीच लिहिणार नाही की मला परवडत नाही. तिला एकटीला गाठून ‘तुझे पैसे मी भरते’ असंही म्हणू नका. ती कदाचित हो म्हणेल आणि मग तीन दिवस चहाचा कप उचलतानाही हिशेब करत राहील. त्याऐवजी सगळ्यांसाठीच आकडा खाली आणा. साधं हॉटेल, दोन खोल्या, एक जादा गादी. वाटेतलं एक जेवण घरच्या डब्यांचं. निघतानाच सगळ्यांनी सारखे पैसे एकीच्या हाती द्यायचे, सगळा खर्च त्या बटव्यातून, वरचं शॉपिंग ज्याचं त्याचं. आणि परत आल्यावर लगेच भिशी सुरू करा, दर महिन्याला हजार रुपये, म्हणजे पुढच्या सहलीला हा प्रश्न कुणा एकीचा राहणार नाही.

शेवटी, जिचा नवरा मार्चमध्ये गेला ती तुमची मैत्रीण. तुम्ही तिच्याबद्दल चारच ओळी लिहिल्या आहेत, पण मला वाटतं तुमचं पाऊल अडतं त्यात तिचाही वाटा आहे. ती घरी बसलेली असताना आपण हसायचं कसं, असं तुम्हाला वाटतं. ‘वर्षसुद्धा झालं नाही’ म्हणणाऱ्यांशी तुम्ही भांडू नका, ते तिचं घर आहे आणि तिला तिथेच राहायचं आहे. पण ती ‘मी आत्ता कुठे येऊ’ म्हणाली, त्यातला ‘आत्ता’ तिचा स्वतःचा आहे की रविवारी येणाऱ्या मंडळींचा, हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित तिलाही अजून माहीत नसेल. दुःखातल्या माणसाला गर्दीतली मजा नको असते, पण चार ओळखीच्या बायकांत काही न बोलता बसणं हवं असू शकतं. किंवा तेही नको असेल. दोन्ही बरोबर.

तिला ‘येतेस का’ असं विचारू नका. हो म्हटलं तर लोक काय म्हणतील आणि नाही म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल, या दोन्हींचा भार तो प्रश्न तिच्यावर टाकतो. तिला एवढंच सांगा, की गाडीत खिडकीजवळची जागा तुझी आहे, खोलीत गादी तुझी आहे, आदल्या रात्रीपर्यंत काहीही ठरव, आम्ही पुन्हा विचारणार नाही. सात आसनी गाडी म्हणूनच करा, एक जागा रिकामी गेली तर जाऊ द्या. ती आली तर खोलीत तिच्याबरोबर अशी एक असू द्या जिला रात्री तीनला कोणी रडताना ऐकू आलं तर दिवा न लावता नुसतं उठून बसता येतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं ती तुम्हीच असाल.

हे ग्रुपवर लिहू नका, फोनवरही नको. तिच्या घरी जा. रविवारी नको, मंगळवारी किंवा बुधवारी जा, दुपारी चारच्या सुमाराला, ती एकटी असेल तेव्हा.